ग्रीन बे पॅकर्स : मालक नसलेल्या संघाची पार्श्वभूमी

अमेरिकन फुटबॉलच्या नॅशनल फुटबॉल लीग, म्हणजेच एनएफएल या व्यावसायिक स्पर्धेत आज ३२ संघ आहेत. त्यांपैकी ३१ संघ कोणा ना कोणा धनाढ्य व्यक्तीच्या, कुटुंबाच्या किंवा भागीदारांच्या गटाच्या मालकीचे आहेत. उरलेला एक संघ विस्कॉन्सिन राज्यातील ग्रीन बे या जेमतेम एक लाख सात हजार लोकवस्तीच्या शहराचा आहे आणि त्याला रूढ अर्थाने मालकच नाही. न्यूयॉर्क, शिकागो, लॉस एंजेलिस अशा महानगरांच्या पंगतीत मिशिगन सरोवराच्या काठचे हे कागद गिरण्यांचे आणि मांसप्रक्रिया उद्योगाचे गाव शंभर वर्षे टिकून कसे राहिले, याचे उत्तर साधारणपणे चाहत्यांच्या निष्ठेत शोधले जाते. निष्ठा होतीच, पण पॅकर्सच्या इतिहासात कर्ज, विमा, संस्थेची नियमावली आणि दूरचित्रवाणीचे करार यांचा वाटाही तितकाच मोठा आहे, आणि कौतुकाच्या भरात तो बहुधा झाकला जातो.

संघाचा जन्म ११ ऑगस्ट १९१९ रोजी ‘ग्रीन बे प्रेस-गॅझेट’ या स्थानिक वृत्तपत्राच्या कचेरीत झालेल्या बैठकीत झाला. पुढाकार दोघांचा होता. एक, नोत्र देम विद्यापीठातून आजारपणामुळे शिक्षण अर्धवट सोडून गावी परतलेला अर्ल ‘कर्ली’ लॅम्बो आणि दुसरा, त्या वृत्तपत्राचा क्रीडा संपादक जॉर्ज व्हिटनी कॅल्हून. लॅम्बो तेव्हा इंडियन पॅकिंग कंपनी या डबाबंद मांस तयार करणाऱ्या कंपनीत नोकरीला होता. (या नावातील ‘इंडियन’ अमेरिकेतील मूलनिवासींना उद्देशून आहे, भारताचा त्याच्याशी संबंध नाही.) गणवेश आणि साहित्यासाठी त्याने कंपनीकडून ५०० डॉलर मिळवले आणि त्या बदल्यात कंपनीचे नाव संघाला चिकटले. कंपनी लवकरच अ‍ॅक्मी पॅकिंग कंपनीने विकत घेतली आणि कालांतराने तीही लयाला गेली. संघाचे नाव मात्र राहिले. पहिल्या हंगामात संघाने ११ पैकी १० सामने जिंकले. हे सामने हेगमायस्टर पार्क या उघड्या मैदानावर होत. तिथे कुंपण नसल्यामुळे तिकीट लावण्याची सोय नव्हती. प्रेक्षकांतून टोपी फिरवून जमेल तेवढी वर्गणी गोळा केली जाई.

त्या काळात असे संघ गावोगाव होते. ओहायोतील कँटन, इलिनॉयमधील डिकेटर आणि रॉक आयलंड, पेनसिल्व्हेनियातील पॉट्सव्हिल अशा लहान औद्योगिक गावांतूनच व्यावसायिक फुटबॉल वर आला. पुढे पैसा मोठ्या शहरांकडे वळला तसे हे संघ एक तर बुडाले, नाही तर स्थलांतरित झाले. डिकेटरच्या स्टार्च कारखान्याचा संघ शिकागोला जाऊन ‘बेअर्स’ झाला, तर पोर्ट्समथचा संघ १९३४ मध्ये डेट्रॉइटला जाऊन ‘लायन्स’ झाला. या पिढीतील लहान गावांपैकी आपल्या जागी उरले ते एकटे ग्रीन बे.

तेही सहजासहजी उरले नाही. १९२१ मध्ये संघाला लीगमध्ये प्रवेश मिळाला, पण महाविद्यालयीन खेळाडूंना खोट्या नावांनी खेळवल्याबद्दल हंगामाअखेर तो काढूनही घेण्यात आला. लॅम्बोने १९२२ मध्ये स्वतःच्या नावावर तो परत मिळवला, तर त्या हंगामात पावसाने घात केला. सामन्यांवर पावसाचा विमा उतरवलेला होता. परंतु एका सामन्याच्या दिवशी पडलेला पाऊस पॉलिसीत ठरलेल्या मापापेक्षा किंचित कमी भरला आणि विमा कंपनीने पैसे नाकारले, अशी आठवण सांगितली जाते. मोसमाच्या शेवटी, थँक्सगिव्हिंगच्या दिवशीच्या सामन्यातही पाऊस आला. सामना रद्द करून गाशा गुंडाळावा की तोटा सोसून खेळावे, असा प्रश्न उभा राहिला तेव्हा ‘प्रेस-गॅझेट’चे अँड्र्यू टर्नबुल यांनी खेळण्याचा सल्ला दिला आणि संघामागे गावातील व्यापाऱ्यांना उभे करण्याचे आश्वासन दिले. ते त्यांनी पाळले.

१९२३ मध्ये स्थापन झालेले ग्रीन बे फुटबॉल कॉर्पोरेशन हे त्या आश्वासनाचे फळ. ५ डॉलरला एक याप्रमाणे समभाग विकून ५,००० डॉलर उभे करण्यात आले. टर्नबुल, लॅम्बो, डॉक्टर वेबर केली, वकील जेराल्ड क्लिफर्ड आणि किराणा व्यापारी लीलँड जोआनेस या पाच जणांनी पुढे अनेक वर्षे पैशांसाठी दारोदार हिंडून संघ चालवला, म्हणून त्यांना ‘हंग्री फाइव्ह’ असे टोपणनाव पडले. त्या वर्षी ठरलेली मूळ कल्पना मात्र पाच हजार डॉलरांपेक्षा कितीतरी मोलाची होती. संस्था नफ्यासाठी चालणार नाही, भागधारकांना लाभांश मिळणार नाही आणि नफा उरलाच तर तो माजी सैनिकांच्या ‘अमेरिकन लीजन’ या संघटनेच्या स्थानिक शाखेला जाईल, असे त्यात होते. संघ विकला तरी ती रक्कम भागधारकांच्या खिशात जाणार नाही, अशी तजवीजही पुढे याच तत्त्वावर कायम राहिली. ज्या वस्तूच्या विक्रीतून कोणालाच दमडी मिळणार नाही, ती विकण्याची घाई कोणाला होईल? (१९९७ पासून हा लाभार्थी बदलला असून संघाच्या धर्मादाय प्रतिष्ठानाला ते स्थान देण्यात आले आहे.)

मैदानावर लॅम्बोच्या हाताखाली संघ जोरात होता. १९२९, १९३० आणि १९३१ अशी लागोपाठ तीन विजेतेपदे आणि नंतर १९३६, १९३९ व १९४४ ची विजेतेपदे, तीही गुणांकनाचे सारे जुने हिशेब मोडणाऱ्या डॉन हटसनसारख्या रिसीव्हरसह, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणाऱ्या खेळाडूसह. हिशेबाच्या वह्यांत मात्र वेगळेच चित्र होते. प्रेक्षकांच्या सज्ज्यावरून पडून जखमी झालेल्या एका चाहत्याने दावा जिंकला, त्याच सुमारास संघाची विमा कंपनी बुडाली आणि १९३३ मध्ये संघाचा कारभार न्यायालयाने नेमलेल्या प्रशासकाकडे गेला. १९३५ मध्ये पुन्हा समभाग विकून १५,००० डॉलर जमवण्यात आले आणि संस्थेची ‘ग्रीन बे पॅकर्स’ या नावाने पुनर्रचना झाली.

१९४९ चे संकट याहून गंभीर होते, कारण या वेळी खुद्द संस्थापकच दुसऱ्या बाजूला होता. प्रतिस्पर्धी लीगशी चाललेल्या चढाओढीत खेळाडूंचे पगार वाढले होते, संघ हरत होता आणि लॅम्बोने गावाबाहेर रॉकवुड लॉज नावाची महागडी वास्तू घेऊन तिथे सरावाचे ठाणे केले होते. तिथली जमीन इतकी खडकाळ होती की खेळाडू वैतागले. लॅम्बोने खासगी गुंतवणूकदार आणून संघ नफ्याच्या तत्त्वावर चालवण्याचा प्रस्ताव मांडला. कार्यकारिणीने तो मान्य केला नाही. २४ जानेवारी १९५० रोजी रॉकवुड लॉज जळून खाक झाले, विम्याची रक्कम संघाच्या हाती आली आणि आठवडाभरातच लॅम्बो राजीनामा देऊन शिकागो कार्डिनल्सकडे गेला. त्याच वर्षी २५ डॉलर दराने तिसरी समभाग विक्री होऊन १ लाख १८ हजार डॉलर उभे राहिले. ज्याच्या प्रस्तावाला नकार दिल्यामुळे संघ गावाचा राहिला, त्याचेच नाव आज संघाच्या मैदानाला आहे, याची चर्चा ग्रीन बेमध्ये फारशी होत नाही, आणि तीस वर्षे संघ घडवणाऱ्या माणसाला तेवढा मान देणे अन्यायाचेही नाही.

हे मैदान १९५७ चे. त्याआधी संघ एका शाळेच्या आवारातील लाकडी स्टेडियममध्ये खेळत असे आणि काही सामने मिलवॉकीला होत. मिलवॉकीला नवे स्टेडियम झाल्यावर संघाने तिकडेच कायमचे जावे, असा दबाव वाढला. एप्रिल १९५६ मध्ये नव्या मैदानाच्या कर्जरोख्यांसाठी ग्रीन बेच्या मतदारांचा कौल घेण्यात आला. प्रचारसभेत बोलायला शिकागो बेअर्सचे मालक जॉर्ज हॅलस आले होते, म्हणजे ज्यांना हरवण्यासाठी ग्रीन बे वर्षभर दात खात असे तेच. १९२१ पासून चालत आलेले हे वैर दोन्ही संघांची तिकिटे खपवत होते, हे त्यांना चांगले ठाऊक होते. दोनास एक अशा मतांनी कौल मिळाला. २९ सप्टेंबर १९५७ रोजी मैदानाचे उद्घाटन झाले आणि पॅकर्सने पहिल्याच सामन्यात हॅलस यांच्या बेअर्सना २१-१७ असे हरवले. लॅम्बोच्या मृत्यूनंतर १९६५ मध्ये मैदानाला ‘लॅम्बो फील्ड’ हे नाव मिळाले.

मैदान झाले, पण संघ रसातळाला गेला. १९५८ मध्ये १२ सामन्यांत एकच विजय मिळाला. त्यानंतर न्यूयॉर्क जायंट्सचे सहायक प्रशिक्षक व्हिन्स लोम्बार्डी यांना प्रशिक्षक आणि महाव्यवस्थापक अशा दुहेरी अधिकारांसह आणण्यात आले आणि त्यांनी सात वर्षांत पाच विजेतेपदे मिळवून दिली : १९६१, १९६२, १९६५, १९६६ आणि १९६७. शेवटच्या दोन हंगामांबरोबर पहिले दोन सुपर बोलही, म्हणजे हंगामाअखेरचे अंतिम सामनेही, पॅकर्सकडे आले. आज सुपर बोल विजेत्याला जो चषक मिळतो, त्याला लोम्बार्डी यांचेच नाव आहे. त्यांच्या शिस्तीच्या कथा अनेकदा सांगून झाल्या आहेत. त्यापेक्षा एक गोष्ट अधिक सांगण्याजोगी वाटते. जवळजवळ संपूर्ण गोऱ्या वस्तीच्या या गावात, ज्या दुकानात किंवा मद्यगृहात आपल्या कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रवेश नाकारला जाईल तिथे संघातील एकही माणूस पाऊल ठेवणार नाही, असे त्यांनी बजावले होते. विली डेव्हिस, विली वूड, हर्ब अ‍ॅडरली यांच्याशिवाय त्या संघाची कल्पनाही करता येत नाही.

३१ डिसेंबर १९६७ चा सामना या काळाचे प्रतीक मानला जातो. डॅलस काउबॉइजविरुद्धचा हा सामना ‘आइस बोल’ म्हणून ओळखला जातो. तापमान उणे २५ अंश सेल्सिअस होते. मैदानाखाली बसवलेली तापवण्याची यंत्रणा निकामी ठरली आणि गवत काचेसारखे गोठले. पंचांच्या धातूच्या शिट्ट्या ओठांना चिकटू लागल्या, तेव्हा त्यांनी शिट्ट्या सोडून ओरडून निर्णय द्यायला सुरुवात केली. पॅकर्स १४-१७ असे मागे होते. १६ सेकंद उरले होते, चेंडू गोलरेषेपासून हातभर अंतरावर होता आणि खेळ थांबवून घेण्याची एकही संधी (टाइमआउट) शिल्लक नव्हती. ठरलेल्या चालीप्रमाणे चेंडू चक मर्सीनकडे जायचा होता; पण पाय घसरण्याचा धोका ओळखून चाली खेळवणारा मुख्य खेळाडू, म्हणजे क्वार्टरबॅक, बार्ट स्टार याने तो स्वतःकडेच ठेवला आणि जेरी क्रेमरने पाडलेल्या फटीतून अंग झोकून दिले. हात वर करून मागून झेपावणारा मर्सीन छायाचित्रात टचडाउनचा, म्हणजे चेंडू गोलरेषेपार नेल्याचा, जल्लोष करताना वाटतो. प्रत्यक्षात आपण स्टारला ढकलले नाही, हे पंचांना दाखवण्यासाठी त्याने हात वर केले होते, कारण तसे ढकलणे तेव्हा नियमबाह्य होते.

लोम्बार्डींच्या चषकांमुळे संघाला प्रतिष्ठा मिळाली, परंतु त्याचे भवितव्य सुरक्षित झाले ते त्याच काळातल्या एका करारामुळे. तोवर प्रत्येक संघ आपापले दूरचित्रवाणी हक्क विकत असे आणि अर्थातच न्यूयॉर्कच्या हक्कांना ग्रीन बेच्या कैक पट भाव होता. लीगचे आयुक्त पीट रोझेल यांनी सर्व संघांचे हक्क एकत्र विकून उत्पन्न समान वाटण्याची योजना मांडली. जायंट्सचे मारा बंधू आणि हॅलस यांच्यासारख्या मोठ्या शहरांतील मालकांनी ती स्वीकारली. मक्तेदारीविरोधी कायद्याची अडचण दूर करणाऱ्या विधेयकावर राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी ३० सप्टेंबर १९६१ रोजी स्वाक्षरी केली आणि सीबीएस या दूरचित्रवाणी कंपनीशी वर्षाला ४६.५ लाख डॉलरचा करार झाला. ती समान वाटणी आजही चालू आहे. पॅकर्सने २०२५ मध्ये जाहीर केलेल्या ताळेबंदानुसार लीगकडून मिळालेला त्यांचा वाटा ४३ कोटी डॉलरांहून अधिक होता. असा ताळेबंद दरवर्षी लोकांपुढे ठेवणारा हा लीगमधील एकमेव संघ आहे. बाकीच्या ३१ संघांची कमाई किती, याचा अंदाज बांधण्यासाठी अभ्यासक पॅकर्सच्याच आकड्यांचा आधार घेतात.

लोम्बार्डी गेल्यानंतरची जवळपास पंचवीस वर्षे नीरस होती. १९९२ मध्ये अटलांटाहून आलेला ब्रेट फाव्हर आणि १९९३ मध्ये आलेला रेजी व्हाइट यांनी ती कोंडी फोडली. जानेवारी १९९७ आणि फेब्रुवारी २०११ च्या सुपर बोल विजयांसह पॅकर्सची विजेतेपदे १३ झाली. इतकी दुसऱ्या कोणत्याही संघाकडे नाहीत.

संघाची आजची ओळख बनलेल्या अनेक गोष्टी वाटतात तितक्या जुन्या नाहीत. सुरुवातीचे रंग निळे आणि सोनेरी होते, लॅम्बोच्या नोत्र देममधून उचललेले. आजची हिरव्या-सोनेरी रंगांची घडी लोम्बार्डींच्या काळात बसली. टचडाउन करून प्रेक्षकांत उडी मारण्याची ‘लॅम्बो लीप’ ही प्रथा २६ डिसेंबर १९९३ रोजी लीरॉय बटलरने सुरू केली. डोक्यावर चीजच्या तुकड्याच्या आकाराची टोपी घालण्याची रीतही चाहत्यांनी शेजारच्या इलिनॉयकडून ‘चीजहेड’ म्हणून होणाऱ्या हेटाळणीलाच भूषण बनवून घेतलेली. मिलवॉकीच्या राल्फ ब्रूनो यांनी १९८७ मध्ये सोफ्यातील फोम कापून पहिली टोपी बनवली, तीही बेसबॉलच्या सामन्यासाठी. यापेक्षा जुनी आणि अधिक अस्सल प्रथा सराव शिबिरात दिसते. गावातील मुले आपल्या सायकली घेऊन उभी राहतात आणि धिप्पाड खेळाडू त्या इवल्याशा सायकलींवर गुडघे छातीशी घेत मैदानापर्यंत जातात, तर सायकलीचा मालक हेल्मेट सांभाळत शेजारून धावतो.

राहिला प्रश्न मालकीचा. १९९७, २०११ आणि २०२१ मध्ये सुरू झालेल्या विक्रीनंतर भागधारकांची संख्या पाच लाखांच्या पुढे गेली आहे. मात्र महाराष्ट्रातील सहकारी संस्थांच्या अनुभवावरून या रचनेची कल्पना करणे दिशाभूल करणारे ठरेल. सहकारात सभासदाला एक मत असते. येथे जितके समभाग तितकी मते. शिवाय १९९७ च्या विक्रीआधी जुन्या प्रत्येक समभागाचे एक हजार समभाग करण्यात आले, त्यामुळे नव्याने २०० ते ३०० डॉलर देऊन एक समभाग घेणाऱ्याच्या मताला नाममात्र वजन उरते. समभागाला लाभांश नाही, तो बाजारात विकता येत नाही, त्यावर तिकीटही मिळत नाही; हंगामी तिकिटांच्या प्रतीक्षायादीत लाखाहून अधिक नावे आहेत. नफ्याच्या उद्देशाने हा समभाग घेऊ नये, असे विक्रीच्या दस्तऐवजातच स्पष्ट लिहिलेले असते. ‘चाहत्यांच्या मालकीचा संघ’ हे वर्णन म्हणून अर्धेच खरे आहे. चाहत्यांना संघ चालवता येत नाही. तो दुसऱ्या कोणाला विकत घेऊन हलवता येत नाही, एवढेच या रचनेने साधले आहे. अशी रचना आता दुसऱ्या कोणत्या शहराला करताही येणार नाही, कारण लीगच्या नियमांनुसार प्रत्येक संघाला मोठा हिस्सा असलेला एक प्रमुख मालक लागतो. पॅकर्सना त्यातून सूट आहे ती केवळ ते आधीपासून होते म्हणून.

प्रत्यक्ष कारभार संचालक मंडळ आणि त्यातील सात जणांची कार्यकारी समिती पाहते. या समितीत फक्त अध्यक्षाला पगार असतो आणि सत्तराव्या वर्षी त्याला निवृत्त व्हावे लागते. त्या नियमानुसार जुलै २०२५ मध्ये मार्क मर्फी पायउतार झाले आणि एड पॉलिसी अध्यक्षपदी आले. त्यांची निवड मंडळाने केली. भागधारकांच्या मतदानाला तो विषय गेला नाही.