स्वर्गात आपली माणसं विसरली जातात?

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या मावशी परवा आपल्या यजमानांचा, गेलेल्या काकांचा, चष्मा पदरानं पुसत म्हणाल्या, "ते ख्रिस्ती नव्हते. स्वर्गात मी त्यांना विसरून जाईन म्हणे. खरं का रे?"

नाही, मावशी. असं म्हणणारे बायबलमधलं यशया ६५:१७ हे वचन दाखवतात: पूर्वीच्या गोष्टी आठवणार नाहीत. पण आदल्याच वचनात विसरायची आहेत ती पूर्वीची संकटं, माणसं नव्हेत. लूक १६ मधल्या दाखल्यात तर अधोलोकात यातना भोगणाऱ्या श्रीमंतालाही आपले पाच भाऊ आठवतात. प्रकटीकरण २१:४ मध्ये देव अश्रू पुसतो, आठवणी नाही.

मग आपलं माणूस सोबत नसल्याचं आठवत असताना स्वर्गात आनंद कसा? इथे ख्रिस्ती लोकांत एकमत नाही. कुणी देवाच्या न्यायावर विसंबतात, कुणी शेवटी सर्वांनाच देव वाचवेल, अशी आशा धरतात. अमुक माणूस नरकातच गेला, असं कॅथलिक चर्चनं आजवर कुणाबद्दलही जाहीर केलेलं नाही.

मावशींनी चष्मा हळूच डबीत ठेवला.