केंटकीचे जमीनदावे

केंटकीचे जमीनदावे : अमेरिकेतील ॲपलाचियन पर्वतरांगेपलीकडच्या केंटकी मुलखात १७७५ नंतर शिरलेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी जमिनीवर सांगितलेले हक्क, आणि त्यांतून साठलेले दप्तर. १७९२ मध्ये वेगळे राज्य होईपर्यंत हा मुलूख व्हर्जिनियाकडे होता.

आधी कागद नव्हताच. झऱ्याकाठच्या चारदोन झाडांची साल काढून कुऱ्हाडीने नावाची अक्षरे कोरली, की जमीन धरली. याला ‘टॉमाहॉक हक्क’ म्हणत. कायद्यापुढे तो टिकत नसे, पण शेजारी तो मानत आणि त्याची खरेदी-विक्रीही होई. १७७९ च्या व्हर्जिनियाच्या कायद्याने मक्याच्या पिकाला महत्त्व दिले. १ जानेवारी १७७८ पूर्वी येऊन मका पिकवलेल्या किंवा वर्षभर राहिलेल्या वसाहतवाल्याला ४०० एकर, शिवाय लगतच्या १,००० एकरांवर खरेदीचा पहिला हक्क. चार आयुक्त ऑक्टोबर १७७९ मध्ये सेंट असाफच्या गढीत बसले. पुढे ते गढ्यागढ्यांतून फिरले आणि साक्षी ऐकून दाखले देत गेले.

जमीन पक्की होण्याच्या पायऱ्या चार : वॉरंट (म्हणजे ठरावीक एकर जमीन मोजून घेण्याचा परवाना), जागेची नोंद, मोजणी आणि सनद. घोळ झाला तो दुसऱ्या पायरीवर. आधी मोजणी आणि मग वाटप, असे इथे झाले नाही; ज्याने त्याने आपली जागा शोधून तिचे वर्णन लिहून द्यायचे. चतुःसीमा म्हणजे ओढ्याकाठचा पांढरा ओक, तिथून होकायंत्राने अमुक अंशावर इतके पोल, मग एक हिकरीचे झाड. पोल म्हणजे साडेसोळा फूट. आपल्या गुंठ्याची बाजू बरोबर दोन पोल भरते. ओक तर हजारो होते. एकाच जमिनीवर तीनतीन, चारचार दावे कौलांसारखे एकावर एक चढले, आणि वर्णन मोघम असेल तर खरा वहिवाटदारही हरत असे. डॅनियल बून या नामांकित वाटाड्याच्या हातून त्याच्या बहुतेक जमिनी गेल्या. अब्राहम लिंकनच्या वडिलांनी १८१६ मध्ये केंटकी सोडले, त्याचे मुख्य कारण लिंकनने जमिनीच्या मालकीहक्काची अडचण हेच सांगितले आहे. ओहायो नदीपलीकडे मात्र १७८५ च्या अध्यादेशाने आधी चौरस आखणी सुरू केली : सहा मैल बाजूची टाउनशिप, तिचे ६४० एकरांचे ३६ भाग.

या साऱ्या कागदांत शॉनी या मूळ रहिवासी लोकांचा हक्क कुठेही नाही, हे वाचताना विसरता येत नाही. १७६८ च्या फोर्ट स्टॅनविक्सच्या तहात त्यांची ही शिकारभूमी इरोक्वॉय या दुसऱ्या मूळ रहिवासी जमातींच्या संघाने ब्रिटिशांना परस्पर देऊन टाकली होती.

दाव्यांतून खटले उपजले, आणि दप्तराचा सर्वांत जिवंत भाग म्हणजे त्यांतल्या जबान्या. म्हातारे वसाहतवाले वादातल्या झाडापाशीच जाऊन सांगत : कोणत्या साली कोण इथे तळ देऊन होते, झऱ्याला नाव कशावरून पडले, वाट कुठून जाई. ज्यांनी दुसरे काही लिहून ठेवले नाही, त्यांचे बोलणे यांत सापडते. शंका उरलीच, तर खुणेजवळचा लाकडाचा ठोकळा कापून काढत आणि जखमेवर चढलेली वार्षिक वलये मोजून खूण कोणत्या वर्षीची ते ठरवत.