मातीचे बैल, मातीचा नाग आणि तेरड्याची गौरी

पावसाळी सणांना शेतातली माती व रानातली झाडे आणून जनावरांच्या आणि देवतांच्या मूर्ती करण्याची सातारा-सांगली भागातील प्रथा.

तिचा पहिला प्रसंग बेंदूर, म्हणजे बैलांचा सण. इतरत्र श्रावण अमावास्येला पोळा असतो. इथे महाराष्ट्रीय बेंदूर आषाढ पौर्णिमेच्या आगेमागे येतो आणि कर्नाटकाच्या सीमेलगत ज्येष्ठ पौर्णिमेचा कर्नाटकी बेंदूरही पाळतात. आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी होते, म्हणजे त्यांचे खांदे चोळतात. सणादिवशी गोठ्यातल्या जनावरांबरोबर पाटावरच्या मातीच्या बैलजोडीलाही पुरणपोळीचा नैवेद्य असतो, आणि दावणीला बैल नसलेल्या घरांतही ही जोडी पुजली जाते. ती कुंभाराकडून येते किंवा घरातली पोरे काळी माती मळून करतात. माण, खटाव, आटपाडी, जत हा खिलार जातीच्या जनावरांचा मुलूख. त्यामुळे इथल्या चांगल्या हातच्या बैलाला खिलाराचाच बांधा येतो: तोंड लांबट, वशिंड ताठ, शिंगे मागे जाऊन वर वळलेली. वाळताना तडा जातो तो आधी या लांब शिंगांना; करणाऱ्याचे कसब तिथेच कळते. बाजारात साच्यातले प्लॅस्टरचे रंगीत बैलही मिळतात. ते दिसायला सुबक असतात, पण पूजेनंतर ज्या मातीतून आले तिच्यात मिसळू शकत नाहीत, आणि या प्रथेचा जीव तर त्या मिसळण्यातच आहे.

भाद्रपदात अनेक घरी गौर म्हणून मुळांसकट तेरडा आणतात. डोंगरउतारांवर तो त्याच सुमारास फुललेला असतो.

नागपंचमीला मातीचा नाग करतात किंवा पाटावर गंधाने काढतात. दूध-लाह्या वाहतात, त्या दिवशी नांगर धरत नाहीत. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याची कथा इथे महत्त्वाची आहे. महाजन नावाच्या घराण्यात मातीच्या नागाची पूजा चालली असता भिक्षेला आलेल्या गोरक्षनाथांनी जिवंत नाग पुजण्याची प्रथा सुरू करून दिली, असे गावात सांगतात. पुढे पंचमीआधी रानातून नाग धरून आणण्यासाठी शिराळा प्रसिद्ध झाले. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नागाला संरक्षण दिले. त्याच कायद्याच्या आधारे मुंबई उच्च न्यायालयाने जिवंत नागांच्या पूजेला व खेळांना आळा घातला, आणि शिराळ्यातही पूजेच्या पाटावर नागाची प्रतिमा आली.