गिरगावातलं भाडं असं का झालं

आमच्या आत्याची गिरगावात चाळीत खोली आहे, दहा बाय बारा, बाहेर कॉमन गॅलरी. भाडं महिन्याला दोनशेच्या आत, पावतीवर अजून तिच्या सासऱ्यांचं नाव, खाली रिपेअर सेसचा, म्हणजे दुरुस्तीसाठीच्या कराचा, आकडा वेगळा लिहिलेला. आणि समोरच्या टॉवरमधे टू बीएचके लाखाच्या वर भाड्याने जातो. दोन्ही एकाच गल्लीत.

ह्याचं मूळ १९४७ च्या बॉम्बे रेंट अ‍ॅक्टमधे आहे. त्याआधीही १९१८ पासून युद्धाच्या काळात भाडं आवरायचे कायदे झाले होते पण १९४७ ला गिरणी-गोदीत कामाला आलेली माणसं, त्यात फाळणीनंतरचे निर्वासित, आणि घरं कमी, म्हणून सरकारने जुन्या जागांचं भाडं १ सप्टेंबर १९४० ला जे होतं तिथेच गोठवलं. तेव्हा ते गरजेचंच होतं, नाहीतर कामगार रस्त्यावर आला असता. पण कायदा तात्पुरता होता आणि मुदतवाढ देत देत तो पन्नास वर्षं चालवला, चूक इथे झाली असं माझं स्पष्ट मत आहे.

भाड्यात रंगसुद्धा निघेना म्हटल्यावर मालकांनी दुरुस्ती सोडली. लाकडी तुळया कुजल्या, पावसाळ्यात जिन्याखाली टेकू लागले. मग १९६९ च्या कायद्याने सेस आणि दुरुस्ती मंडळ आलं. दुसरीकडे पगडी वाढली, म्हणजे खोली सोडताना नव्या माणसाकडून मोठी रोख रक्कम घ्यायची आणि त्यातला वाटा मालकाला द्यायचा, कायद्याने गुन्हा होता तरी सगळे व्यवहार असेच व्हायचे.

सगळ्यात मोठा घाव मात्र १९७३ चा. १ फेब्रुवारी १९७३ ला जे लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे भाडेकरूचे हक्क नसलेल्या नुसत्या परवानगीच्या करारावर, राहत होते त्यांना सरकारने भाडेकरूचं संरक्षण दिलं. राहणाऱ्यांचं भलं झालं, पण ज्यांच्याकडे जास्तीची जागा होती ते इतके घाबरले की फ्लॅट कुलूप लावून ठेवतील पण भाड्याने देणार नाहीत. भाड्यासाठी म्हणून इमारत बांधणं तर परवडेनासंच झालं होतं. जागाच बाजारात येईना मग जी येते तिचं भाडं चढणारच ना.

१९९७ ला सुप्रीम कोर्टाने गोठवलेलं भाडं आता वाजवी राहिलं नाही असं सांगितलं. नवा कायदा १९९९ चा, लागू झाला ३१ मार्च २००० पासून. पगडी कायदेशीर झाली, जुन्या भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढ मिळाली, बँका आणि एक कोटी किंवा त्याहून जास्त भांडवल असलेल्या कंपन्या संरक्षणातून बाहेर गेल्या. दोनशेवर चार टक्के म्हणजे आठ रुपये. तर अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर येणाऱ्याला भाडं बाजार ठरवेल तेच, त्याला कुठलीच मर्यादा नाही.

आत्याच्या चाळीत सध्या रीडेव्हलपमेंटच्या मीटिंग चालू आहेत. बिल्डर मालकी हक्काचा फ्लॅट देतो म्हणतोय, आणि आत्या प्रत्येक मीटिंगमधे एकच विचारते, मेंटेनन्स महिन्याला किती येणार.