पाळीतल्या हाताने लोणचं नासत नाही

“अडचण आहे ना, मग बरणीला शिवू नकोस, लोणचं नासेल,” असं आजही कित्येक घरांत मुलींना ऐकवतात. हे खरं नाही. लोणच्याला बुरशी धरते ती ओलाव्याने. कैरीच्या फोडी नीट पुसल्या नाहीत, बरणी ओलसर राहिली, मीठ कमी पडलं किंवा ओला चमचा आत गेला, की झालं! मीठ फोडींतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे जंतूंना वाढायला वाव उरत नाही. बुरशीला हवाही लागते. म्हणून तर गार केलेल्या फोडणीचं तेल फोडी बुडतील इतकं ओततात. हात पुरुषाचा असला तरी ओला असेल तर लोणचं बिघडेलच. पोरीला त्यासाठी लांब बसवणं मला फार लागतं. यंदा मीठ-मोहरी तिलाच कालवू द्या.