मुंबईत कलावंतांचे अड्डे रुजले कसे

मुंबईतल्या चित्रकाराला, कवीला किंवा नाटकवाल्याला त्याच्या आवडत्या जागा विचारा; काळा घोडा, जहांगीर, पृथ्वी ही नावं हमखास येतील. या जागांचा इतिहास पाहिला तर मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. पाय पसरायला जागा नसलेल्या या शहरात कुणीतरी भाड्याचा फारसा हिशेब न करता कलावंतांना टेकू दिलं.

जेजे स्कूल ऑफ आर्ट १८५७ मध्ये सुरू झालं, जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून. शिकलेली पोरं बाहेर पडत राहिली, पण चित्रं लावायला भिंती नव्हत्या. १९४७ साली सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला, तेव्हाही अडचण तीच होती. अखेर सर कावसजी जहांगीर यांनी दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ पैसे दिले आणि १९५२ मध्ये जहांगीर कलादालन उघडलं. त्याच सुमारास वॉर्डन रोडवर भुलाभाई देसाईंच्या नावाच्या संस्थेत नाममात्र भाड्यात हुसेन आणि गायतोंडे रंगवत होते, अल्काझी नाटकं बसवत होते, रविशंकर संगीत शिकवत होते. एका छपराखाली एवढं सगळं या शहरात पुन्हा जमलेलं नाही.

जहांगीरच्या व्हरांड्यात १९६४ मध्ये उषा खन्ना यांनी समोवार हे कॅफे सुरू केलं. चिंचोळी लांबट जागा, बाजूला म्युझियमची हिरवळ, किमा पराठा आणि पेरूचा रस. एक चहा घेऊन तासन् तास बसलं तरी उठवायला कुणी येत नसे, आणि खिसा रिकामा असलेल्या चित्रकाराला याहून मोठी मदत कोणती? मार्च २०१५ मध्ये ते बंद झालं.

जहांगीरच्या परिसराला नाव देणारा काळा घोडा, म्हणजे सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा, १९६५ मध्येच राणीच्या बागेत गेला होता. नाव मात्र लोकांच्या तोंडी राहिलं आणि २०१७ मध्ये तिथे स्वाराविना नवा घोडा उभा राहिला. याच चौकातल्या वेसाइड इन या उपाहारगृहात अरुण कोलटकर बसत. जेजेत शिकलेला, जाहिरात क्षेत्रात नाव कमावलेला हा कवी खिडकीतून समोरचा गाड्या लावायचा त्रिकोणी तुकडा न्याहाळायचा. तिथली भटकी कुत्री, झाडूवाल्या, इडली विकणारी बाई त्याच्या कवितेत आली. त्या इंग्रजी कविता २००४ मध्ये, त्याच्या निधनाच्या वर्षीच, पुस्तकरूपाने निघाल्या.

मराठी नाटकवाल्यांचं हक्काचं ठिकाण मात्र दादरला होतं. विजया मेहतांच्या 'रंगायन' या नाट्यसंस्थेतून बाहेर पडून अरविंद आणि सुलभा देशपांडे यांनी १९७१ मध्ये 'आविष्कार' काढलं, आणि १९७४ पासून छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रयोग होऊ लागले. दिवसा शाळा, संध्याकाळी नाटक. कायमचा रंगमंच नाही, नेपथ्याला पैसे नाहीत. प्रेक्षक इतके जवळ की नटाच्या कपाळावरचा घाम दिसावा. या अडचणींतूनच प्रायोगिक नाटकाने आपली भाषा घडवली असं माझं ठाम मत आहे. प्रयोग संपला की त्याच गल्लीत श्रीकृष्णचा बटाटेवडा आणि नाटकावर कडाक्याचा वाद. मराठी रंगभूमीच्या इतिहासात 'छबिलदास चळवळ' हे नाव एका शाळेवरून पडलं, याचं मला आजही कौतुक वाटतं. पुढे आविष्कारला माहीमच्या महापालिका शाळेत बिऱ्हाड हलवावं लागलं.

जुहूचं पृथ्वी थिएटर १९७८ चं. तिथून नवी पिढी उत्तरेकडे सरकली आणि वर्सोव्याच्या आरामनगरातल्या जुन्या बैठ्या बंगल्यांत तालमी, ऑडिशन आणि छोटे प्रयोग सुरू झाले. त्या बंगल्यांच्या पुनर्विकासाची चर्चाही आता बरीच वर्षं चालू आहे.