ऑब्जेक्ट डेटाबेसमधील क्लास : कम्पाइल आणि डिप्लॉय

ऑब्जेक्ट डेटाबेसमध्ये क्लासची (एका प्रकारच्या नोंदींच्या साच्याची) व्याख्या आणि त्या क्लासच्या ऑब्जेक्टांचा (साच्यानुसार घडलेल्या नोंदींचा) साठा एकाच व्यवस्थेत असतो. त्यामुळे इथे कम्पाइल करताना, म्हणजे लिहिलेल्या मजकुराचे यंत्राला चालवता येईल असे रूप करताना, चालणारा कोड तर तयार होतोच, शिवाय ऑब्जेक्टमधली कोणती किंमत डिस्कवर कोणत्या जागी ठेवायची हेही ठरते. डिप्लॉय करणे म्हणजे हा सगळा ठराव, कोडसकट, दुसऱ्या सर्व्हरवरच्या जुन्या डेटावर लागू करणे. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः इंटरसिस्टम्स या सॉफ्टवेअर कंपनीच्या कॅशे व आयरिस या उत्पादनांतील पद्धत विचारात घेतली असून उदाहरणे खानदेशातील केळीबागांच्या नोंदींची आहेत.

उगम : क्लासची कल्पना नॉर्वेतील ओले-योहान डाल व क्रिस्टन न्यूगोर यांच्या सिम्युला ६७ या भाषेतून आली, यावर सहसा दुमत नसते. प्रोग्रॅम संपल्यावरही ऑब्जेक्ट टिकवून धरण्याची कल्पना मात्र कोणाची, यावर मतभेद आहेत. एक मत असे, की आरंभ जॉर्ज कोपलंड व डेव्हिड मायर यांच्या १९८४ मधील निबंधापासून धरावा. स्मॉलटॉक भाषेला डेटाबेसचे रूप कसे देता येईल हे त्यात मांडले होते. सर्व्हिओ लॉजिकचे जेमस्टोन हे उत्पादन त्याच कामातून १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात बाजारात आले. दुसरे मत स्कॉटलंडमधील माल्कम ॲटकिन्सन, रॉन मॉरिसन व त्यांच्या सहकाऱ्यांकडे श्रेय देते. त्यांच्या पीएस-अल्गोल भाषेत, साधारणपणे १९८० ते १९८३ या काळात, कोणत्याही प्रकारचा डेटा टिकाऊ करण्याची सोय आली. पीएस-अल्गोलमध्ये वारसा असलेले (एका क्लासचे गुण दुसऱ्याला आपोआप मिळतील असे) क्लास नव्हते, म्हणून ती या इतिहासात बसत नाही असा आक्षेप घेतला जातो. आक्षेप बरोबर आहे. तरीही या नोंदीच्या विषयापुरते दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण कोड आणि टिकाऊ डेटा यांना एकाच प्रकार-व्यवस्थेखाली (टाइप सिस्टमखाली) आणण्याचा प्रश्न तिथे थेट हाताळला गेला आणि कम्पाइलची पुढची सारी गुंतागुंत त्या प्रश्नातूनच निघते.

कॅशेची वंशावळ या दोन्हींपेक्षा वेगळी आहे. १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये ऑक्टो बार्नेट यांच्या प्रयोगशाळेत मम्प्स ही भाषा घडली. तिच्यातील ग्लोबल हा डिस्कवर राहणारा, फांद्या फुटत जाणारा ॲरे होता. अशा व्हेरिएबलला किंमत दिली की ती साठवलीही जाई. इंटरसिस्टम्स १९७८ मध्ये स्थापन झाली आणि १९९७ मध्ये आलेल्या कॅशेने या ग्लोबलांवर क्लासचा थर चढवला. त्याची पुढची पिढी म्हणजे २०१८ मधील आयरिस. खाली ग्लोबल असल्याने याला खरा ऑब्जेक्ट डेटाबेस म्हणू नये, असे काही अभ्यासक मानतात. मात्र १९८९ मध्ये ॲटकिन्सन, बाँसियों, डेविट, डिट्रिश, मायर व झ्डोनिक यांनी ऑब्जेक्ट डेटाबेससाठी १३ अनिवार्य लक्षणे सांगितली, त्यांत ऑब्जेक्टची स्वतंत्र ओळख, वारसा व टिकाऊपणा यांची अपेक्षा आहे. साठ्याचा आतला आकार कोणता असावा याचे बंधन नाही.

कम्पाइलची प्रक्रिया : क्लासची व्याख्या डेटाबेसमध्येच, क्लास डिक्शनरीच्या ग्लोबलात असते. कम्पाइलर आधी वारशाची साखळी उलगडतो आणि कोणता क्लास कोणाच्या आधी घ्यायचा तो क्रम लावतो. मग प्रॉपर्टी (ऑब्जेक्टमधले नाव असलेले रकाने) वाचण्या-लिहिण्याच्या मेथड (क्लासमधली कामे करणारे कोडचे तुकडे) तयार होतात, एसक्यूएल या क्वेरी-भाषेसाठी टेबलचे रूप ठरते, ऑब्जेक्टस्क्रिप्ट या उत्पादनाच्या भाषेतील रूटीन लिहिली जातात आणि त्यांपासून चालणारा कोड बनतो. जनरेटर प्रकारच्या मेथड कम्पाइल चालू असतानाच धावून दुसऱ्या मेथडचा कोड लिहितात. अशी मेथड दुसऱ्या क्लासला हाक मारत असेल, तर तो दुसरा क्लास नुसता आधी कम्पाइल होऊन पुरत नाही, तो चालण्याच्या स्थितीत असावा लागतो. चालण्याच्या स्थितीसाठी ‘डिपेंड्सऑन’ आणि नुसत्या क्रमासाठी ‘कम्पाइलआफ्टर’ असे दोन वेगळे निर्देश आहेत. कम्पाइल नवख्या सर्व्हरवरच का अडले, याचे उत्तर पुष्कळदा या दोहोंतला फरक न पाळण्यात सापडते.

समजा, ‘केळीबाग’ हा मूळ क्लास आहे आणि ‘मृगबाग’ व ‘कांदेबाग’ हे त्याचे उपक्लास, म्हणजे अनुक्रमे जून-जुलैची व ऑक्टोबरच्या सुमाराची लागवड. ‘केळीबाग’मध्ये बदल केला तर दोन्ही उपक्लासही पुन्हा कम्पाइल व्हायला हवेत, कम्पाइलरला तशी खूण देता येते. तिन्ही क्लासचे ऑब्जेक्ट नेहमीच्या मांडणीत एकाच ग्लोबलात राहतात. कोणता ऑब्जेक्ट कोणत्या क्लासचा ते पहिल्या जागेवरच्या नावावरून कळते, आणि उपक्लासच्या खास किमती ग्लोबलाच्या त्याच नोडच्या (फांदीच्या) पोटात ठेवलेल्या असतात.

साठ्याची व्याख्या : टिकाऊ क्लास प्रथम कम्पाइल होतो तेव्हा कम्पाइलर स्टोरेज डेफिनिशन तयार करून ती क्लासलाच जोडतो. प्रत्येक प्रॉपर्टीला यादीतली एक क्रमांकित जागा मिळते. बसराई या केळीच्या जातीची लागवड कंदांपासून होत असे, त्या काळच्या ‘केळीबाग’मध्ये गाव, लागवडीची तारीख, कंदाचे वजन व झाडांची संख्या या प्रॉपर्टी दुसऱ्या ते पाचव्या जागेवर होत्या असे धरू. पुढे ग्रँड नैन या जातीची ऊतिसंवर्धित रोपे आली. कंदाचे वजन निरर्थक झाले म्हणून ती प्रॉपर्टी काढली आणि ‘रोपांचा स्रोत’ ही नवी घातली. कम्पाइल केल्यावर नवी प्रॉपर्टी सहाव्या जागेवर बसते. चौथी जागा तशीच राखलेली राहते, जुन्या बागांच्या नोंदींत तिथले वजनही जिथल्या तिथे राहते आणि जुन्या ऑब्जेक्टांत सहावी जागा रिकामी वाचली जाते. एकाही ऑब्जेक्टला हात लागत नाही.

आता हाच क्लास स्टोरेज डेफिनिशन वगळून दुसऱ्या सर्व्हरवर नेला, तर तिथला कम्पाइलर नव्याने जागा वाटतो. काढलेल्या प्रॉपर्टीची त्याला खबरच नसते, त्यामुळे झाडांची संख्या पाचव्यावरून चौथ्या जागेवर सरकू शकते. कम्पाइल विनातक्रार पार पडते. पण जुना डेटा आणला की कंदाचे वजन झाडांची संख्या म्हणून वाचले जाते. दोन्ही आकडेच, त्यामुळे कोणतीही त्रुटी उमटत नाही. स्टोरेज डेफिनिशन हा क्लासच्या मजकुराइतकाच महत्त्वाचा भाग आहे आणि तो मजकुराबरोबरच आवृत्ती-नियंत्रणात (कोडच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या व्यवस्थेत) ठेवला पाहिजे. केवळ आपोआप तयार होतो म्हणून तो गाळण्याची सवय घातक आहे.

जुन्या ऑब्जेक्टांचे काय करायचे, हा प्रश्न बॅनर्जी, वॉन किम, ह्योंग-जू किम व कॉर्थ यांनी ओरायन या प्रणालीच्या संदर्भात १९८७ मध्ये पद्धतशीर मांडला. ओरायनमध्ये ऑब्जेक्ट वाचताना तो नव्या व्याख्येच्या चाळणीतून जाई. जेमस्टोनने व्याख्या बदलतानाच ऑब्जेक्ट रूपांतरित करण्याकडे कल ठेवला. कॅशेची वर सांगितलेली रीत ओरायनच्या जवळची दिसते. ऑब्जेक्ट डेटाबेससाठी सामाईक प्रमाण ठरवणाऱ्या ओडीएमजी गटाचे प्रमाण १९९३ मध्ये आले, तिसरी आवृत्ती २००० मध्ये निघाली आणि २००१ मध्ये गट विसर्जित झाला.

कोडमधला बदल व डेटामधला बदल : १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदे, अक्कलकुवा व अक्राणी हे तालुके वेगळे होऊन नंदुरबार जिल्हा झाला. बागेच्या नोंदीत ‘जिल्हा’ ही साठवलेली प्रॉपर्टी असेल, तर हा बदल कम्पाइलच्या कक्षेबाहेरचा आहे. शहाद्याच्या प्रत्येक ऑब्जेक्टमध्ये नवी किंमत लिहावी लागेल. तालुक्यावरून मोजली जाणारी प्रॉपर्टी असेल, तर मेथड बदलून क्लास कम्पाइल केला की वाचताना सगळीकडे नंदुरबार येईल. पण त्या प्रॉपर्टीवर इंडेक्स (शोध जलद करणारी वेगळी साठवलेली सूची) असल्यास त्यात शहादा अजून धुळ्याखालीच राहील, कारण कम्पाइल केल्याने इंडेक्स पुन्हा बांधला जात नाही. ती आज्ञा स्वतंत्रपणे द्यावी लागते. नव्या इंडेक्सलाही हेच लागू : क्लास कम्पाइल झाला तरी जुन्या नोंदी त्यात आपोआप भरल्या जात नाहीत, आणि तोवर त्या इंडेक्सचा आधार घेणारी क्वेरी अपुरे उत्तर देऊ शकते.

डिप्लॉय : क्लास एक्सएमएल किंवा साध्या मजकुराच्या फाइलमध्ये एक्सपोर्ट करून दुसरीकडे लोड व कम्पाइल करणे ही प्रचलित रीत. कोडचा डेटाबेस आणि डेटाचा डेटाबेस वेगळे ठेवून नेमस्पेसमध्ये (प्रोग्रॅमला दोन्ही एकत्र दिसतील अशा कामाच्या चौकटीत) जोडलेले असतील, तर कोडचा डेटाबेसच बदलता येतो. चालू सर्व्हरवर कम्पाइल केल्यास ज्या प्रोसेसचा कोड त्या क्षणी चालू आहे तिला ‘क्लास एडिटेड’ ही त्रुटी मिळू शकते, म्हणून वर्दळ कमी असलेली वेळ निवडतात.

‘डिप्लॉइड’ स्थितीतला क्लास हा वेगळा प्रकार होय. यात मेथडचा मूळ मजकूर काढून टाकला जातो आणि फक्त चालणारा कोड उरतो. उत्पादनाची आवृत्ती बदलल्यावर क्लास पुन्हा कम्पाइल करण्याची वेळ आली, तर मजकूर नसल्याने ते जागेवर करता येत नाही; मूळ लेखकाकडून नवी प्रत मागवावी लागते.